लोखंडी नांगराची पहिली दोन वर्षे



एखाद्या कारखानदाराची गोष्ट आपण बहुधा शेवटाकडून सांगतो. कारखाना वाढला, नाव झाले, गावालाही तेच नाव मिळाले. आणि मग ओघात एक वाक्य येते, ‘आरंभी काही अडचणी आल्या.’ आज त्या एका वाक्यापाशीच जरा बसू या.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात. रंग सुटले, रेषा मात्र राहिली. यंत्रांची रेखाटने शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. तिथे बढतीच्या वेळी त्यांना डावलले, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावास आले. वडीलबंधू रामूअण्णांच्या साथीने १८८८ पासून तिथे सायकलींचे दुकान चालले होतेच. दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना निघाला आणि पहिले कडबा कापायचे यंत्र बाहेर पडले. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

आणि इथे गाडे रुतले. नांगर तयार, पण गिऱ्हाईक फिरकेना. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही गोष्ट वर्गात सांगताना आपण शिक्षक मंडळी या समजुतीवर हसतो आणि पुढे जातो. मीही पुष्कळ वर्षे तेच केले. पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याचा नांगर बाभळीचा. गावचा सुतार तो बलुत्यावर घडवून देई. मोडला तर संध्याकाळी दुरुस्त, सकाळी पुन्हा शेतात. नवा नांगर घ्यायचा म्हणजे रोख पैसा मोजायचा. त्यातून त्याचा बिडाचा भाग तुटला तर? बीड ऐरणीवर ठोकून सांधत नाही. ठोकले की फुटते. म्हणजे गावचा लोहार हतबल आणि सुतारही हतबल. ऐन नांगरटीत फाळ मोडला, तर बेळगावची वाट धरायची की पावसाची वाट बघायची? विषाची भीती तोंडी असेल, पण तिच्या पोटात हा हिशेब होता, असे मला वाटते. कारखानदाराचे नुकसान झाले तर एका मालाचे व्हायचे. शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला की सावकार दारात.

नांगरात गुण नव्हता असे नाही. लाकडी नांगर माती फाडतो, उलटत नाही. लोखंडी नांगराच्या पंखामुळे तास उलथे पडते. खालची माती वर येते आणि हराळी-कुंद्याची मुळे उन्हाला लागतात. काळ्या रानात मोठ्या लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत, ते ज्याने पाहिले आहे त्याला याची किंमत निराळी सांगायला नको. पण हे कागदावर छापून पटत नाही हो! शेजारच्या रानात तास पडलेले दिसावे लागते, आणि त्या रानात पुढे पीकही उभे राहिलेले दिसावे लागते. त्यात एक वर्ष सहज जाते. दोन वर्षांचा हिशेब मला तरी असा लागतो.

नांगराचा जम बसू लागतो न लागतो तोच दुसरा धक्का आला. गावच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावातला कारखाना हलवायची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे झाले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर वस्ती पडली, तीच किर्लोस्करवाडी. माळ ओसाड खरा, पण शेजारीच रेल्वे होती. बिडासारखा जड माल पाठवायचा, तर ती सोय मोठीच.

मग १९१४ चे महायुद्ध पेटले. परदेशचे लोखंड येईना. आता नांगराला मागणी होती, पण ओतायला धातू नव्हता. म्हणजे पहिल्या वेळेपेक्षा नेमके उलटे संकट! कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या राज्यातल्या जुन्या तोफा या कामी दिल्या, त्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे नांगर झाले.

मला स्वतःला १९२० सालची एक घटना याहून कमी मोलाची वाटत नाही. त्या वर्षी वाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक निघू लागले. पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि साहित्यात गाजले. ते आपण जाणतोच. पण मूळचे ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे साधे पत्रक होते. ज्या माणसाचा नांगर दोन वर्षे कोणी घेतला नव्हता, त्याच्या कारखान्यातून ते निघाले, हे ध्यानात ठेवले की त्याचा अर्थ अधिक लागतो.

लक्ष्मणराव १९५६ साली वारले. कुंडल रोडचे नाव बदलून ते स्टेशन पुढे किर्लोस्करवाडी झाले. पुणे-मिरज गाडीने कधी गेलात, तर तिथे खिडकीतून जरा डोकावून पाहा. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी आजोबांचा गंजलेला नांगर गोठ्यामागे पडला असेल, तर तो मुलांना नेऊन दाखवा; फाळ कुठे बसतो आणि झिजल्यावर कसा काढतात, ते आजोबांनाच विचारा.