चार वर्षांचा उशीर

आम्ही बदलापूरकर. शेजारीच अंबरनाथची एमआयडीसी, त्यामुळे औषधं कारखान्यातच जन्मतात असं वाटायचं. परवा आजी सांगत होती, तिचा भाऊ १९५० साली न्यूमोनियाने गेला. पेनिसिलिन तेव्हा परदेशातून यायचं, परवडलं नाही.

पेनिसिलिन मुळात बुरशी बनवते, तेही जेमतेम. १९४०च्या दशकात अमेरिकेत एका खरबुजावरच्या बुरशीवर क्ष-किरण मारून, जास्त देणारे वाण निवडत गेले. कोड न वाचताच बदल करायचा, चाललं तर ठेवायचं! आपण तरी वेगळं काय करतो म्हणा.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि मग पेनिसिलिन इथेच बनू लागलं. पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळवलं. जिवाणूचं नाव? स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना!

आजीला हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पिंपरी म्हणजे आपली पुण्याजवळचीच ना रे? चार वर्षं आधी..."

असो.