बासेल मिशनचे कारखाने : धर्मप्रसार, सेवा आणि उपजीविका

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचा विचार करताना शाळा, दवाखाना व छापखाना यांचा उल्लेख हमखास होतो. कारखाना मात्र या यादीत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात मंगळूर येथील बासेल मिशनच्या उद्योगांकडे या अंगाने पाहिले आहे.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १८१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले मिशनरी १८३४ मध्ये मंगळूरला आले. दक्षिण कानडा जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांमध्ये बिल्लव समाजाचे लोक बरेच होते. ताडी काढणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. तो मिशनला ख्रिस्ती आचाराशी विसंगत वाटे. धर्मांतराबरोबर कुटुंबाचा आधारही सुटे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क सुरक्षित केला खरा. परंतु गावाने घातलेल्या बहिष्कारावर त्या कायद्यात इलाज नव्हता. अशा माणसाला बाप्तिस्मा देणाऱ्यांनीच त्याच्या पोटाची सोय करणे भाग होते.

या गरजेतून मिशनचे उद्योग वाढले. १८५१ पासून योहान हालर याच्या देखरेखीखाली विणकामाला गती आली. (खाकी रंगाचे श्रेय हालरला दिले जाते; मात्र वायव्य सरहद्दीवरील सैन्यात खाकी त्याआधीच वापरात होती, तेव्हा हे श्रेय जपूनच द्यावे.) १८६५ मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट याने कौलांचा कारखाना काढला. स्थानिक चिकणमाती यंत्रात दाबून घडविलेली, एकमेकांत अडकणारी ही सपाट कौले पुढे कोकणातही पोहोचली. नळीच्या कौलांना मागे सारणारे ‘मंगळुरी कौल’ ते हेच.

रोजगाराच्या आमिषाने धर्मांतर झाले, असा आक्षेप मिशनरी कार्यावर नेहमी घेतला जातो. मंगळूरच्या बाबतीत हा क्रम बव्हंशी उलटा दिसतो : धर्मांतर आधी, कारखाना नंतर. परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. उपासना चालविणारी, मजुरी देणारी आणि शिस्त लावणारी संस्था एकच असेल, तर कामगाराच्या श्रद्धेत स्वेच्छा किती आणि परावलंबन किती, हे ठरविणे कठीण होते. दुसरीकडे, विविध जातींची माणसे एका छपराखाली ठरावीक वेळेत, रोख मजुरीवर काम करू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पहिल्या महायुद्धात मिशनच्या जर्मन कार्यकर्त्यांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले आणि युद्धानंतर हे उद्योग कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. मिशनची मालकी संपली, तरी कौलांच्या भट्ट्या पेटत राहिल्या.