ग्रंथांच्या बनावट आवृत्त्या आणि स्वामित्वहक्क कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोडनिंबसारख्या ग्रामीण भागात विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा मूळ ग्रंथाऐवजी त्याची झेरॉक्स प्रत असते. ही अभ्यासाची गरज मानावी की लेखकाच्या श्रमांची चोरी, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची जडणघडण :
ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत १८४७ साली भारतात स्वामित्वहक्काचा पहिला कायदा झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षे किंवा प्रकाशनापासून ४२ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक तोपर्यंत संरक्षण मिळे. मात्र दाव्यासाठी ग्रंथाची नोंदणी आवश्यक होती. १९१४ च्या कायद्याने नोंदणीची अट दूर केली व संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत वाढविले. १९५७ च्या कायद्यातील ही मुदत १९९२ साली ६० वर्षे करण्यात आली.

मुंबईतील खटला :
मॅकमिलन कंपनीने प्लुटार्ककृत सिकंदर-चरित्राच्या नॉर्थकृत इंग्रजी भाषांतरातील निवडक उतारे टिपांसह विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केले होते. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशनसंस्थेने तशीच आवृत्ती काढली. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२३ च्या निर्णयानुसार जुन्या संहितेतील निवडक उताऱ्यांवर हक्क मान्य झाला नाही. टिपांवरील हक्क मात्र मान्य झाला. म्हणजेच सर्वांच्या मालकीची संहिता आणि संपादकाचे स्वतंत्र श्रम यांत न्यायालयाने भेद केला.

परदेशातील संरक्षण :
१८८६ च्या बर्न कराराचा भारत १९२८ पासून स्वतंत्र सदस्य आहे. त्यामुळे मराठी ग्रंथाला अन्य सदस्य देशांत वेगळ्या नोंदणीविना संरक्षण मिळते. त्याचप्रमाणे परदेशी ग्रंथांनाही भारतात संरक्षण आहे. तथापि, परदेशात दावा चालविण्याचा खर्च छोट्या प्रकाशकाला पेलणारा नसतो.

निष्कर्ष :
कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. दुसरीकडे, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या नकलांना मुभा मान्य केली. यावरून असे दिसते की, वर्गासाठी काढलेली प्रकरणाची नक्कल आणि विक्रीसाठी छापलेली बनावट आवृत्ती यांना एकाच मापाने मोजता येत नाही. ग्रंथ विद्यार्थ्याला परवडला पाहिजे. परंतु ती सवलत लेखकाच्या मानधनातून कापली जाऊ नये. त्यासाठी समृद्ध ग्रंथालये व स्वस्त विद्यार्थी-आवृत्त्या हाच खरा उपाय होय.