मुंबईची छायाचित्रण-सभा आणि चांदा प्रांतातील काचा

छायाचित्रणाच्या हौशी उपासकांनी एकत्र जमावे, आपापल्या प्रती एकमेकांस दाखवाव्यात, रसायनांच्या कृतींवर वाद घालावा, ही प्रथा आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने पुष्कळ उशिरा आली असा एक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. लंडन येथे अशी संस्था १८५३ मध्ये निघाली. मुंबईची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ च्या ऑक्टोबरात स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ च्या. म्हणजे ह्या विषयात मुंबई लंडनच्या मागे जेमतेम पावणेदोन वर्षे होती. १८५५ पासून संस्थेचे नियतकालिकही निघू लागले. प्रस्तुत लेखात ह्या सभेचा साद्यंत इतिहास सांगण्याचा हेतू नाही. त्या काळच्या मोठ्या काचेच्या तंत्राने कोणत्या प्रकारचा पुरावा निर्माण केला, आणि तो वाचताना चांदा प्रांताच्या अभ्यासकाने कोणती सावधगिरी बाळगावी, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम तंत्राविषयी. तेव्हा लहान चित्र मोठे करून छापण्याची व्यवहार्य सोय नव्हती. जेवढी काच, तेवढेच चित्र. दहा इंच बारा इंचांचे चित्र हवे असेल तर तेवढीच काच, आणि ती मावेल एवढा कॅमेरा, डोंगरावर वाहून न्यावा लागे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर लेप द्यावयाचा, ती रौप्य-नत्रिताच्या द्रावणात बुडवावयाची, आणि लेप ओला असेतोच चित्र घेऊन ते उमटवावयाचे. लेपातील ईथर आपल्या उन्हाळ्यात पाहता पाहता उडून जाई. म्हणून काळोखा तंबू, बाटल्या, पाणी आणि ते वाहणारे मजूर हा सारा संसार बरोबर असणे प्राप्त होते. कागदी ऋणचित्राची जुनी पद्धत ह्या हवेत अधिक सोयीची ठरली. कॅप्टन टॉमस बिग्ज याने १८५५ मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे कागदावरच घेतली. बिग्जनंतर ते काम डॉ. पिगू याजकडे गेले. दोघांची चित्रे १८६६ च्या मोठ्या ग्रंथांत समाविष्ट झाली, आणि त्या ग्रंथांना प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांचा आश्रय होता.

आता सभेविषयी. तिच्या सदस्यांत लष्करी अधिकारी व डॉक्टर होते, तसेच डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करणारे भाऊ दाजी छायाचित्रणाकडे वळले यात नवल नाही. झिजलेल्या अक्षराचा माग घेणाऱ्यास प्रकाशाच्या कोनाचे महत्त्व सांगावे लागत नाही. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. व्यावसायिक म्हणून पुढे नाव मिळविणारे हरिचंद चिंतामण त्याच वर्गाचे. एका टेबलाभोवती यजमान राज्यकर्ते आणि विद्वान प्रजाजन असे दोघे बसले, हे खरे. परंतु ही समानता किती टिकाऊ होती हे कलकत्त्याच्या उदाहरणावरून दिसते. तेथील सोसायटीचे पदाधिकारी राजेंद्रलाल मित्र यांनी १८५७ मध्ये टाउन हॉलच्या सभेत नीळवाल्या युरोपीयांवर टीका केली, आणि त्याच वर्षी त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. काचेवरील रसायनाशी त्या भाषणाचा काही एक संबंध नव्हता.

जे सभेत बसले त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. जे काचेसमोर बसले त्यांची नाहीत. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून सभेच्या आश्रयाने एक मासिक संग्रह काढला. त्यात मूळ प्रती चिकटविलेल्या असत. पुढे जॉन्सनने मुंबईतील ‘जाती व जमाती’ यांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील पुष्कळ चित्रे जोडकामाची आहेत: माणसे चित्रशाळेत बसविलेली, मागील देखावा दुसऱ्या काचेवरचा. खाली शीर्षक जातीचे, व्यक्तीचे नव्हे. भाषाशास्त्रज्ञास हा दोष ओळखीचा वाटावा. बोलणाऱ्याचे नाव, गाव, वय न नोंदता केलेली शब्दयादी आपण अपुरी मानतो. मग चित्रासच ती सूट का द्यावी? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले. त्यांनी जमविलेले गोंडी शब्द व गीते रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये छापली. त्यात निदान गोंडांचे स्वतःचे वाक्य आहे. तत्कालीन जातिचित्रांत तेही नाही.

येथे एक भाषिक निरीक्षण नोंदवितो. हिंदीत ‘फोटो खींचना’, इंग्रजीत ‘घेणे’. मराठीत मात्र फोटो ‘काढतात’. चित्रही काढतात आणि विहिरीतून पाणीही. नवे यंत्र आले तेव्हा भाषेने त्यास चित्रकाराचेच क्रियापद बहाल केले. ‘छायाचित्र’ हा शब्द मात्र संस्कृताधारे घडविलेला, आणि अर्थाने थोडा उलटा: जे प्रकाशाने उमटते त्यास आपण छायेचे नाव दिले. ऋणचित्रापुरते ते यथार्थ आहे, कारण तेथे उजळ तेवढे काळे होते. ह्याहून अधिक अर्थ त्यात शोधण्याचे मला कारण दिसत नाही.

आता चांद्याकडे. माजरी हे आज लोहमार्गाचे जंक्शन व कोळशाच्या खाणींचे गाव आहे. त्याजवळच भांदक, म्हणजे आजची भद्रावती, आणि तेथील विजासनची लेणी. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात या भागात आला तेव्हा येथवर रूळ आले नव्हते. त्याचा सहकारी जोसेफ डेव्हिड बेग्लर हा अभियंता असून छायाचित्रणातही तरबेज होता, आणि त्या दौऱ्यातील मध्यप्रांताच्या वास्तूंची चित्रे त्यानेच घेतली. वैनगंगेच्या काठच्या मार्कंडा येथील देवालयसमूहाची चित्रे त्यांत आहेत. तेथे एका प्रतीवरून घडीव दगडाचा एखादा तुकडा कोठे होता हे ठरविता येते. आजच्या जीर्णोद्धारित भिंतीवरून ते ठरत नाही. मोठ्या काचेचा हा अस्सल लाभ आहे. चित्र लहान न करता काचेच्या आकारातच छापले गेल्याने शिल्पाच्या कडेवरची छिन्नीची रेषाही वाचता येते.

परंतु त्याच प्रतींत कोपऱ्यात कधी कधी एखादा माणूस उभा दिसतो. दगडाच्या उंचीचे माप कळावे म्हणून त्यास तेथे उभे केले जाई. तो गोंड होता की माना, की बरोबर आलेला हमाल, हे प्रतीवर लिहिलेले नसते. अशा प्रती पाहणाऱ्या विद्यार्थ्याने देवालयाच्या पायऱ्या मोजून झाल्यावर त्या माणसाच्या पेहरावाची, हातातील वस्तूंची आणि उभे राहण्याच्या जागेचीही नोंद आपल्या टिपणवहीत स्वतंत्रपणे करावी, आणि जात ठरविण्याचा मोह आवरावा.