घरातली कामाची जागा

मंडळी, 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द २०२० च्या टाळेबंदीत घराघरात पोचला. तेव्हापासून तरुण मंडळी अशी बोलतात की जणू घरी बसून काम करण्याचा शोध त्याच वर्षी लागला! मला याची गंमत वाटते. आपल्याकडे कुंभाराचं चाक, कोष्ट्याचा माग, सोनाराची शेगडी, शिंप्याचं मशीन हे सगळं घरातच होतं. कामासाठी वेगळी इमारत, ही त्या मानानं अलीकडची गोष्ट.

पण मला जरा वेगळ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. जिथे सगळे जेवतात, बसतात, झोपतात त्याच जागेत एकाला कामाला बसायचं असेल, तर ती जागा त्याला मिळते कशी? टेबल-खुर्ची आणली की मिळते का? इतिहासात डोकावलं तर उत्तर 'नाही' असं येतं.

जुन्या गावातला कुलकर्णी घ्या. गावच्या जमिनीचा, साऱ्याचा हिशेब त्याच्याकडे. त्यासाठी कचेरी नव्हती. त्याच्या घराची ओसरी हीच कचेरी. भिंतीला टेकून बैठक, पुढे उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क, दौत, बोरू, शाई टिपायला बारीक वाळू आणि रुमालात बांधलेलं दप्तर. बाहेर चार माणसं बसली असली की घरातल्या बायका परसदारानं जा-ये करायच्या, पोरांनी ओसरीवर दंगा करायचा नाही. म्हणजे डेस्क जेमतेम दोन हातांचं, पण त्याच्या भोवतालची जागा घरातल्या सगळ्यांनी अंग चोरून दिलेली! त्या कामाला वतन होतं, मान होता, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागत नसे. पुढे १९५१ साली कुलकर्णी वतनं कायद्यानं गेली आणि ओसरीवरची कचेरी उठली.

पण घर मोठं असलं म्हणजे सगळ्यांना जागा मिळते असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झालं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. त्यांचं लग्न १८७३ साली झालं तेव्हा त्या लहान मुलगी होत्या आणि लिहितावाचता येत नव्हतं. शिकवायचं ठरवलं ते नवऱ्यानं, आणि वेळ मिळाली ती रात्रीची, सगळं आटोपल्यावर. दिवसा घरातल्या मोठ्या बायकांत वावरायचं आणि त्यांची बोलणी ऐकून घ्यायची. त्या घरात खोल्यांची वाण नव्हती. पण सुनेनं पुस्तक घेऊन बसणं हे 'काम' आहे, हेच घराला मान्य नव्हतं.

आता वाड्यातून चाळीत येऊ. मुंबईत गिरण्या वाढल्या तशी कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि एकेका खोलीत कुटुंबंच्या कुटुंबं राहू लागली. १९२० नंतर सरकारनं बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिथेच चूल, तिथेच बाळंतपण, तिथेच पाहुणा. अशा खोलीत अभ्यासाला कोपरा कुठून आणणार?

डॉ. आंबेडकरांच्या वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, याचं उत्तर शोधलं होतं. सातारा सोडून हे कुटुंब मुंबईत परळला डबक चाळीतल्या एका खोलीत राहायला आलं. खोलीत संसाराचं सगळं सामान, त्यात माणसांची दाटी. रामजी मुलाला लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि मग आपण आडवं व्हायचं. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून बापानं स्वतःची झोप दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. मी वर्गात ही गोष्ट सांगत असे, तेव्हा मुलं बाबासाहेबांच्या कष्टांबद्दल बोलत. ते खरंच आहे. पण मला त्यात जागणारा बापही तेवढाच दिसतो.

पुढे बाबासाहेब परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. ते परदेशी शिकत असताना त्याच चाळीत रमाबाईंनी हलाखीत संसार ओढला. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं राहिलं. त्यात हजारो ग्रंथांसाठी मुद्दाम जागा केलेली होती. एका माणसाला स्वतःची अभ्यासिका मिळायला लागलेला हा काळ! आणि रमाबाईंना त्या घरात फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

याच गिरणगावात त्याच दहा बाय बाराच्या खोल्यांतून आणखी एक मोठा उद्योग चालायचा, तो म्हणजे खानावळ. ज्या कामगारांची कुटुंबं गावी होती त्यांना जेवू घालणाऱ्या बायका. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे जेवणाच्याही तीन पाळ्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल पेटलेली, आणि त्याच चुलीपाशी तिची स्वतःची मुलं अभ्यास करणार, झोपणार. पैसे महिनाअखेर यायचे. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. सगळ्यांच्या नजरेत ही बाई काय करत होती? तर 'घरात स्वयंपाक'! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मला वाटतं या कामाचं मोठेपण नुसत्या कर्जात नाही. ही खोली म्हणजे नुसतं घर नाही, ते एक कामाचं ठिकाणही आहे, हे बाहेरच्या जगाकडून कबूल करून घेतलं, यात आहे.

अशीच गोष्ट सोलापूरच्या विडी कामगार बायकांची. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पानं भिजवायची, कातरीनं मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. बाजूला पाळणा, चुलीवर कालवण, आणि सगळ्या खोलीत तंबाखूचा वास. कुलकर्ण्याच्या डेस्काभोवती घर बाजूला सरकत होतं. इथे उलट, बाईच कामासकट बाजूला सरकते. कुणी आलं की सूप उचलायचं, गेलं की परत मांडायचं. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं. कागदावर का होईना, त्या सुपाला कामाची जागा म्हटलं गेलं.

आमचंही मास्तरांचं घर याच परंपरेतलं. दोन खोल्या. मार्च-एप्रिलमधे बोर्डाच्या उत्तरपत्रिका आल्या की त्या कॉटवर मांडून मी तपासायला बसे. रेडिओ बंद, मुलं गॅलरीत, शेजारणीशी बोलणं दाराबाहेर. सौ. दाराआड शिलाईमशीन घालून ब्लाउज शिवायची. तिची वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा घर रिकामं. दोघांचंही काम पैशाचंच. पण गठ्ठ्यांची जागा ठरलेली होती आणि मशीन मात्र प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्याला हलत असे.

२०२० च्या मार्चअखेरीस सगळा देश घरात बसला, तेव्हा हेच सगळं नव्यानं दिसलं. एक लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, एक इस्त्रीच्या टेबलावर, शाळा मोबाइलवर, आणि आजीची मालिका आवाज बंद करून! घरं आता चाळीच्या खोलीपेक्षा मोठी झाली आहेत. तरी ज्यांच्या घरी दार लावून घेता येईल अशी एकच खोली होती, त्यांनी आठवून बघावं, त्या खोलीत कोण बसत होतं? आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंग कोण करत होतं? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असेल, पण विचारावं जरूर.

हल्ली भाचे-पुतणे मंडळी हॉलमधे कामाचा कोपरा करताना सल्ला विचारतात. उजेड डाव्या हातानं यावा (डावखुऱ्यांना उजव्या), पाठ ताठ राहील अशी खुर्ची असावी, वह्या-वायरींना एक फळी असावी आणि काम संपलं की झाकून ठेवता यावं. शाळामास्तर याहून जास्त काय सांगणार! सुतार बोलावण्याआधी मात्र एकदा सगळ्यांनी मिळून बसावं. कोण, किती वाजता, काय काम करतं ते कागदावर लिहावं. त्यात आईचे घरगुती क्लास, सुनेचं ऑफिस, नातवाची परीक्षा, आजोबांची पोथी असं सगळं यावं. कुणाचंही काम 'ते काय, होतच असतं' म्हणून गाळू नये.

रामजी सुभेदारांकडे ना टेबल होतं ना पडदा. त्यांनी वेळ वाटून घेतली आणि ती रोज पाळली. आपल्याकडे तर फर्निचर भरपूर आहे. कोपऱ्यात बसलेल्या माणसाला दोन तास कुणी हाक मारायची नाही, एवढं घरानं ठरवलं आणि पाळलं, की त्या कोपऱ्याची खोली झाली म्हणून समजा. असो. बराच मोठा तास झाला. तुमच्या घरी काम करायला कोण कुठे बसायचं, ते जरूर कळवा.