यॉर्कची खाटीक आळी
उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये रस्त्याला ‘गेट’ म्हणतात आणि वेशीला ‘बार’. नवख्याची इथे फसगत ठरलेली. ८६६ साली शहर घेणाऱ्या डॅनिश लोकांच्या भाषेत ‘गाता’ म्हणजे रस्ता. राज्य गेले, शब्द राहिला. कॉपरगेटचाही तांब्याशी संबंध नाही. ती लाकडी पेले आणि वाडगे कातणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले, तेव्हा कातकामात उरलेले लाकडाचे गाभे मातीतून निघाले आणि नावाला पुरावा मिळाला. स्टोनगेट तर इसवी सन ७१ च्या सुमारास वसलेल्या रोमन छावणीतल्या रस्त्याची रेघ अजून धरून आहे.

या सगळ्यांत नावाजलेली गल्ली मात्र ‘गेट’ नसलेली, शॅम्बल्स. जुन्या इंग्रजीत ‘शॅमल’ म्हणजे बाक किंवा फळी. मांस मांडायच्या फळ्यांवरून गल्लीला नाव पडले, त्यातूनच पुढे कत्तलखाना आणि शेवटी नुसता गोंधळ, असा त्या शब्दाचा अर्थ घसरत गेला. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या सरकारी नोंदवहीत यॉर्कच्या मांसबाजारातल्या दोन फळ्यांची नोंद आहे.

आज दिसणारी घरे बरीच नंतरची, मुख्यतः चौदाव्या-पंधराव्या शतकांतली. सांगाडा ओकच्या तुळयांचा. वरचा मजला खालच्याच्या पुढे काढलेला, त्यामुळे काही ठिकाणी समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल असे वाटते. वर जागा वाढायची आणि खाली दुकानापुढच्या मांसावर ऊन पडायचे नाही. जनावरे दुकानांमागेच कापली जात. दोन्ही बाजूंची फरसबंदी उंच आणि मधला भाग खोलगट. रक्त आणि घाण धुऊन काढायला हीच वाट. आता तिथे उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना तो वास कल्पनेतही नको वाटेल.

मार्गारेट क्लिथरो ही इथल्याच एका खाटकाची बायको. कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवल्याचा तिच्यावर आरोप होता. गुन्हा कबूल की नाकबूल, हे सांगायलाच तिने नकार दिला, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले. १९७० मध्ये पोपने तिला संतपद दिले. ३५ क्रमांकाच्या घरात तिचे प्रार्थनास्थळ आहे. पण मधल्या काळात घरांचे क्रमांक बदलले, त्यामुळे तिचे खरे घर समोरच्या बाजूला असावे, असे मानले जाते. भाविकांना त्याने फरक पडत नाही.

१८७२ मध्येही गल्लीत खाटकांची सुमारे २५ दुकाने होती. विसाव्या शतकात ती एकेक करून उठली. त्यांच्या जागी मिठाई आणि भेटवस्तू आल्या. काही दुकानांच्या दर्शनी भागात मांस टांगायचे लोखंडी आकडे आणि खिडकीखालच्या रुंद फळ्या मात्र तशाच आहेत.