फुकटाची सवय, की दुकानच नव्हतं?

"लोकांना सगळं फुकटच पाहिजे," हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकू येतं. गाण्यांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

जून १९९९. अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं नॅपस्टर काढलं. गाणी नॅपस्टरकडे नव्हतीच, ती लोकांच्या कॉम्प्युटरवर होती. कोणतं गाणं कोणाकडे आहे, एवढी यादी नॅपस्टर ठेवायचं. गाणं याच्याकडून त्याच्याकडे जायचं आणि गायकाला छदामही मिळायचा नाही.

डिसेंबर १९९९ मध्ये कंपन्या कोर्टात गेल्या. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका हा बँडही गेला. त्यांचं एक गाणं बाजारात येण्याआधीच फुटलं होतं, त्यामुळे राग खोटा नव्हता. जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. लोक थांबले का? छे! काझा आलं, लाइमवायर आलं. सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांनी थेट २६१ जणांवर खटले भरले. त्यात १२ वर्षांची एक मुलगीही होती.

आता दुसरी बाजू बघा. एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यावी लागायची. कंपन्यांनी स्वतः काढलेल्या ऑनलाइन सेवांत महिन्याला पैसे भरा, वर शंभर अटी, आणि सगळ्या कंपन्यांची गाणी एका ठिकाणी नाहीतच.

मग २८ एप्रिल २००३ ला ॲपलनं आयट्यून्सचं दुकान उघडलं. दोन लाख गाणी, एक गाणं ९९ सेंटला. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. तेही फक्त मॅकवर चालत असताना आणि शेजारी फुकटचा बाजार भरलेला असताना!

आपल्याकडे आयट्यून्सचं दुकान यायला डिसेंबर २०१२ उजाडलं. त्याच वर्षी फ्लिपकार्टनंही 'फ्लाइट' नावानं गाणी विकायला काढली, पण २०१३ मध्ये ते दुकान गुंडाळलं. तोवर गावोगावच्या मोबाईल दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळत होतं. नीट बघा, पैसे आपण तिथेही देतच होतो. फक्त ते गायक, गीतकार, संगीतकार यांच्यापर्यंत पोचत नव्हते. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का करणारी कायद्यातली दुरुस्तीसुद्धा २०१२ चीच.

म्हणून मला वाटतं, माणूस पैसे द्यायला तयार असतो. दर परवडला पाहिजे, वस्तू चटकन मिळाली पाहिजे. दुकान उघडायला उशीर झाला की मधला माणूस गल्ला भरतो आणि वस्तू बनवणारा उपाशी राहतो.

आज सकाळी सहालाच पेपरची पीडीएफ ग्रुपवर येऊन पडते. त्यातली बातमी आणायला कोणीतरी रात्री पदरचं पेट्रोल जाळलेलं असतं. पीडीएफ टाकणाऱ्याला शिव्या देण्याआधी आम्ही पेपरवाल्यांनी आपलं दुकान धड उघडलंय का, हे बघायला हवं.

तुम्ही बातमीसाठी महिन्याला किती द्याल? खरं सांगा.